पूजा न झालेली चेनसॉ

माझे सासरे कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करतात. मिक्सर असो, टॉर्च असो, कुणाच्या मुंजीत मिळालेली भेट असो. उलटी करायची, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करून ती कुठं बनली आहे ते वाचायचं, आणि मगच तिच्याबद्दल मत बनवायचं. एकदा बनलेलं मत वस्तू सुलटी केल्यावर बदलत नाही.

ह्याला कारण आहे. बाबांची सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात झाली. तिथं हातात धरायची ड्रिल मशिनं आणि ग्राइंडर बनायचे. बाबा तपासणी विभागात होते. प्रत्येक मशीन चालवून, कानाला लावून, आवाज ऐकून मगच ते पुढं सोडायचे. देशातल्या भिंतींना पडलेली निम्मी भोकं आपण पास केलेल्या मशिनांनी पडली आहेत असं ते आजही छातीठोकपणे सांगतात, आणि त्यांना खोटं पाडायची कुणाची हिंमत नाही.

मग जागतिकीकरण आलं. हा शब्द बाबा शिवीसारखा वापरतात. ट्रॅफिक तुंबला, टोमॅटो बेचव निघाले, मुलगा, म्हणजे माझा नवरा, नोकरीसाठी परदेशात जाऊन बसला, सगळ्याला एकच कारण. त्यांच्या कारखान्यात आधी बाहेरची कंपनी भागीदार म्हणून आली, मग मालक झाली, आणि मालक झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मशीन इथं बनवण्यापेक्षा बाहेरून आणून त्याच्यावर नुसतं लेबल चिकटवणं सोपं आहे. बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा कुणाची होती, हे आमच्या घरात विचारायचं नसतं.

कारखान्याच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि नशिबाची कमाल बघा, माझी नोकरी नेमकी तिथंच लागली. घरात पेढे वाटले गेले. बाबांनी पेढा हातात धरून एवढंच विचारलं, "कुठल्या गेटनं आत जातेस?" मी सांगितलं. पुढं कॅफेटेरिया लागतो, हेही सांगितलं. ते म्हणाले, "तिथं आमचं मोटरींचं वाइंडिंग होतं. सगळ्या बायका होत्या त्या खात्यात. तांब्याची तार अशी गुंडाळायच्या की एक वेढा इकडचा तिकडं नाही." आणि पेढा तोंडात टाकून ते पेपर वाचायला गेले.

आता चेनसॉचं सांगते. आम्ही कोथरूडला एका जुन्या रो-हाउस सोसायटीत राहतो. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, टोकाला फाटक. आमच्या मागच्या अंगणात शेवगा आहे आणि त्याच्या फांद्यांना शिस्त नाही. माळीबुवा त्यांना वाटेल तेव्हा उगवतात. शेवटी एक फांदी कपडे वाळत घालायच्या दोरीवर येऊन टेकली, तेव्हा माझं डोकं सरकलं. मी मुळात तापट. फोनवर बघता बघता मला ती सापडली: बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी छोटी चेनसॉ. व्हिडिओमध्ये एक काडीपैलवान बाई काकडी चिरावी तशा फांद्या कापत होती. मी ठरवलं, हीच घ्यायची.

"वस्तू हातात घेतल्याशिवाय विकत घ्यायची नाही," बाबांनी फर्मावलं. मग त्यांना स्कूटरवर मागं बसवून बोहरी आळीत गेले. हेल्मेट फक्त माझ्या डोक्यावर. बाबांचा हेल्मेटला तत्त्वतः विरोध आहे, आणि पुण्यात तत्त्वतः विरोध असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. तिथल्या हत्यारांच्या दुकानात बाबांनी एकेक चेनसॉ उचलली, उलटी केली, खाली ठेवली. दुकानदार स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. शेवटी बाबांनी विचारलं, "आपल्याकडे बनलेली एखादी नाही का?"

"काका," दुकानदार म्हणाले, "बनतं सगळं एकाच ठिकाणी. नाव कुठलं पाहिजे तेवढं सांगा."

बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. मला हसूही येत होतं आणि रागही. घरी येऊन मी मुकाट्यानं फोन उघडला आणि मला हवी ती चेनसॉ मागवून टाकली.

खोकं आलं तेव्हा त्याच्यावर ‘जर्मन तंत्रज्ञान’ असं ठसठशीत छापलेलं होतं. बाबांनी ते वाचलंसुद्धा नाही. सरळ उलटं केलं. "हं," म्हणाले. हा ‘हं’ ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तरी बॅटरी बसवून त्यांनी ती सुरू केली, कानाजवळ धरली, थोडा वेळ ऐकली. आवाज ऐकताना त्यांचा चेहरा बदलला, हे मी पाहिलं. पण बंद केल्यावर म्हणाले, "खेळणं आहे."

"खेळणं तर खेळणं," मी म्हटलं. "मी खेळीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, हे सगळीकडेच आहे. पण कारखान्यातल्या माणसाची खंडेनवमी वेगळी. बाबांच्या कारखान्यात त्या दिवशी मशिनं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवायचे. घरच्यांना बोलवायचे, पेढे वाटायचे. आणि पूजा झालेलं मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचं नाही. "मशीन आज झोपतं," असं बाबा म्हणतात. कारखाना गेला, पण नियम घरी आला. हॉलमध्ये पाट मांडून त्याच्यावर पांढरं कापड घालायचं. मग त्यांचं जुनं ड्रिल, जे त्यांच्याच कारखान्यात बनलेलं, मग हातकरवत, कोयता, पाने, पक्कड, सासूबाईंची विळी, आणि अलीकडच्या वर्षांत माझा लॅपटॉप. लॅपटॉपवर बाबा अगदी मनापासून कुंकू लावतात. मी थोड्या वेळानं तो उचलून कॉलवर गेले की त्यांना ते चालत नाही. "पूजेतलं हत्यार उचललंस?" "अहो बाबा, क्लायंटला खंडेनवमी नसते." हा आमचा वार्षिक संवाद.

त्या वर्षी मी चेनसॉ आणून पाटावर ठेवली. बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली.

"का?"

"हिची पूजा कशी करायची? हत्याराची पूजा म्हणजे ते बनवणाऱ्या हातांची पूजा. हे कुणी बनवलंय, कुठं बनवलंय, काही पत्ता आहे का? नमस्कार करायचा कुणाला?"

"आणि लॅपटॉप काय आपल्या वाइंडिंगच्या बायकांनी बनवलाय?"

"त्याच्यावर तुझं पोट आहे. हिच्यावर कुणाचं आहे?"

मला भयंकर राग आला. स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या, "अहो, ठेवा की एक फूल तिच्यावर. झिजणार आहात का?" आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या घरात असल्या की रेडिओ लागत नाही, गरजच पडत नाही. सकाळी डोळे उघडले की बोलणं सुरू, ते दिवा मालवेपर्यंत. समोर कुणी असण्याची अट नाही. पुरणाशी बोलतात, कुकरला दटावतात, चिमण्यांना भाव सांगतात. पण बाबांनी त्यांचंही ऐकलं नाही. मी चेनसॉ उचलून माझ्या खोलीत नेली आणि निव्वळ हट्टानं तिच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. दसरा झाल्या झाल्या शेवगा छाटून दाखवते, म्हटलं. बघाच आता.

दुपारी परतीचा पाऊस आला. आभाळ बघता बघता काळं झालं, वारा असा सुटला की गच्चीवरची कुंडी आडवी झाली, आणि वीज गेली. मग फाटकाच्या बाजूनं मोठा कडाकडा आवाज झाला. सोसायटीचा गुलमोहर गल्लीत आडवा पडला होता, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाऊस ओसरताच सगळे छत्र्या घेऊन बाहेर आले. कुणाची गाडी खाली सापडली नव्हती. सगळे एकमेकांना "वाचलो बुवा" म्हणत होते, फोटो काढत होते. मीही काढला.

आईंना सांगायला म्हणून घरात गेले. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, गुलमोहर पडला." त्या काहीच बोलल्या नाहीत.

घाम मी नंतर पाहिला, जबड्यावर धरलेला हात नंतर पाहिला. गुलमोहर पडलाय आणि आई एक शब्द बोलत नाहीत, एवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी भयंकर होतंय. "आई, काय होतंय?" त्यांनी नुसती छातीवर बोटं ठेवली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ॲस्पिरिनची गोळी चघळायला द्या आणि ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या, एक क्षण घालवू नका. गोळी दिली, अँब्युलन्स बोलावली. ती लवकर आली. सायरन ऐकू आला, आणि तो झाडापलीकडं येऊन थांबला. ओल्या फांद्यांचं नुसतं जंगल होतं. अग्निशमन दलाला फोन केला तर शहरभर झाडं पडलेली, गाडी येईल पण केव्हा ते सांगता येत नव्हतं. अँब्युलन्समधला एक माणूस कसाबसा फांद्यांमधून रांगत, ओरखडे घेत अलीकडं आला. त्यानं आईंना तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्यांना चालवायचं नाही, वाकवायचं नाही. स्ट्रेचरवरूनच न्यायला लागेल. वाट करा."

वाट करा! मी धावत हॉलमध्ये गेले आणि पाटावरची हातकरवत आणि कोयता उचलला. झेंडूची माळ खाली पडली. बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्या हातातल्या करवतीकडं पाहिलं आणि हात पुढं केला नाही.

"ती पूजेतली आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "आज नको. आजच्या दिवशी अपशकून नको."

"बाबा, आई जातील!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधी ओरडले नव्हते. आत आईंना ऐकू गेलं असेल, पण मला त्याचं भान नव्हतं. मला बाबांची कीव आली आणि चीडही आली. ते घाबरले होते, एवढंच. घाबरलेला माणूस नियमाला घट्ट धरतो.

आणि मग बाबांचे डोळे एकदम चमकले. "तुझं ते खेळणं कुठाय?"

"कुठलं?"

"अगं चेनसॉ! तिची पूजा झालेली नाही. ती चालते!"

मी खोलीत पळाले. वीज जाण्याआधीच दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या होत्या. बाबांनी मागं येत हुकूम सोडला, "चेनला तेल लागेल. आण." घरात दुसरं कुठलं तेल आहे! मी देवापुढची तेलाची बुधली उचलली. आणि मग माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर हेल्मेटला तत्त्वतः विरोध केलेल्या माणसानं, खुंटीवरचं माझं हेल्मेट काढून डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. अंगात पूजेचा रेशमी झब्बा, डोक्यात माझं गुलाबी हेल्मेट. एरवी मी हसून हसून मेले असते.

गल्लीत सोसायटीचे सेक्रेटरी छत्री धरून उभे होते. चेनसॉ पाहून ते म्हणाले, "अहो, झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. नंतर माझ्या नावानं नोटीस येईल."

हेल्मेटमधून आवाज आला, "पडताना त्यानं घेतली होती का परवानगी?"

सेक्रेटरींनी छत्री मिटली आणि फांद्या ओढायला लागले. हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, ते शेवटपर्यंत ओढत होते.

चेनसॉचं पातं वीतभर. बुंध्यापुढं तिचं काही चाललं नसतं. पण बुंधा भिंतीच्या कडेला टेकला होता, वाट अडवली होती ती फांद्यांनी. बाबांनी एका बाजूनं सुरुवात केली. पहिली फांदी कापली आणि ती अशी सटकन उसळली की मी किंचाळले. "दाबाखाली आहे," बाबा म्हणाले. "आधी खालून काप द्यायचा, मग वरून." पुढच्या फांदीला त्यांनी तसंच केलं. भुसा उडत होता, ओल्या लाकडाचा वास येत होता, देवाच्या तेलाचा वास येत होता. लोक कापलेल्या फांद्या ओढून नेत होते. मी मध्येमध्ये घरात डोकावत होते. अँब्युलन्सच्या माणसानं आईंच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि आई अजून गप्पच होत्या.

बाबांचा काप वाकडा जायला लागला. वय झालंय, दुसरं काय. ते थांबायला तयार नव्हते, तेव्हा मी त्यांच्या हातातून चेनसॉ काढून घेतली आणि डोक्यातलं हेल्मेटही. "आता मी." मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी माझं कोपर धरलं आणि कानाजवळ ओरडून सांगायला लागले, "घाई नको. जोर लावू नकोस, तिला तिचं काम करू दे. हं. आता वरून." मध्ये ती बंद पडली. बॅटरी संपली होती, दुसरी घातली, पुन्हा सुरू झाली. मी रडत होते आणि कापत होते. काचेच्या आत नाक पुसायची सोय नव्हती.

शेवटची आडवी फांदी पडली तेव्हा पलीकडून स्ट्रेचर आत आलं. आईंना त्याच्यावर घेतलं, चौघांनी उचललं, आणि आम्ही केलेल्या त्या बोळातून त्या अँब्युलन्समध्ये गेल्या. बाबा आणि मी मागून चढलो. मी हेल्मेट घालूनच बसले होते, हे हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं सांगितल्यावर कळलं.

दिवेलागणीच्या वेळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "रक्तवाहिनी बंद झाली होती. उघडली आहे. वेळेत आणलंत, आता काळजीचं कारण नाही." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. मी भिंतीला टेकून "हुश्श" म्हटलं आणि मग किती तरी वेळ नुसती हसत बसले. समोरच्या बाईंना वाटलं असेल, हिला वेड लागलंय.

बाबा म्हणाले, "कुणी बनवली असेल गं ती?"

"काय?"

"ती चेनसॉ. ओलं लाकूड होतं, तरी मोटर गरम झाली नाही. वाइंडिंग चांगलं आहे." त्यांनी आपल्या तळहातांकडं पाहिलं. "असेल कुणीतरी बाई. बसली असेल कुठंतरी, तार गुंडाळत."

मी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्या काचेवरचा भुसा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आम्हाला आत सोडलं. आईंच्या नाकात नळी, हातात सुई, बोटाला चिमटा. चेहरा उतरलेला होता. डोळे मिटलेलेच होते. बाबा पलंगाजवळ गेले, कठडा धरून उभे राहिले.

आईंनी डोळे उघडले. बाबांकडं पाहिलं. भुशानं माखलेला, बाहीला फाटलेला झब्बा पाहिला. आणि बारीक आवाजात सुरू झाल्या. "रेशमी झब्बा घालून झाडं तोडायला गेलात? अक्कल आहे की नाही? आणि चक्का टांगलाय तो उतरवला का कुणी? आंबट ढाण झाला असेल एव्हाना. काल दुपारी आपट्याची पानं आणायची राहिली. दूधवाल्याला एक लिटर जास्त सांगितलंय, पातेलं लहान पडेल..."

"काकू," सिस्टर धावत आल्या, "बोलायचं नाही अजिबात. दम लागेल. गप्प पडून राहायचं."

आई एकदम थांबल्या.

मी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून बाबांनी आईंना "जरा थांब की" म्हटलेलं ऐकत आले होते. बाबांनी कठडा सोडून सिस्टरपुढं हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"बोलू द्या हो तिला, सिस्टर," ते म्हणाले. "थोडं तरी बोलू द्या."

सिस्टरनी आधी मॉनिटरकडं आणि मग बाबांकडं पाहिलं. "दोन मिनिटं," म्हणाल्या. आई परत चक्क्यावर आल्या, आणि बाबा प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत उभे राहिले.